खाऱ्या विहिरीचं पाणी

आधीच सांगून टाकतो, मागून कोणी म्हणू नये की म्हातारा शहाजोगपणा करून राहिला. मला माझ्या साडभावाचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, जेवताना घास अडकावा इतका. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, पुण्याकडं त्याला साडू म्हणतात. त्याचं नाव सुखदेव. तो अकोल्याच्या कॉलेजात, मी अमरावतीच्या. दोघंही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकर, आणि दोघांच्याही ताब्यात समुद्राच्या पाण्याची एकेक काचेची टाकी. हेव्याला एवढं कारण पुरतं.

या अंकाचे संपादक आमच्याच कॉलेजात शिकले. त्यांनी पहिला बेडूक फाडला तेव्हा ट्रे मी धरला होता. ते म्हणाले, किसनराव, नोकरीतल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पेटीतून धामण सुटली आणि प्राचार्यांच्या खुर्चीखाली सापडली, ही एक. पण लिहायला बसलं की हात त्या टाकीकडंच जातो.

आम्ही दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी मी कॉलेजात लागलो. शिक्षण चौथी. काम म्हणजे बरण्या पुसणं, फॉर्मलिन भरणं, पोरांनी फाडलेले बेडूक पुरणं. आमचे सर कोकणातले. वऱ्हाडात नोकरीला आले, पण जीव तिकडंच राहिलेला. दर हिवाळ्यात पोरांची सहल घेऊन ते समुद्रावर जात आणि येताना जाळीदार टोपल्यांत बसवलेले काचेचे मोठे बुधले भरून समुद्राचं पाणी आणत. बडनेऱ्याच्या फलाटावर ते बुधले उतरवताना हमाल विचारायचे, सायेब, यात काय हाये? पाणी म्हटलं की ते एकमेकांकडं बघायचे. मुंबईहून पाणी आणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

पाण्यासोबत यायचे शंखातले खेकडे, काही दगड, आणि समुद्रफुलं. ते फूल नाही, प्राणी आहे. दगडाला बूड चिकटवून बसतो आणि तोंडाभोवतीच्या पाकळ्या हलवत राहतो. पाकळीला काही लागलं की ते धरून पोटात घेतो. आमच्याकडं अशी चार होती, भुऱ्या-गुलाबी रंगाची. मी समुद्र कधी पाहिलेला नव्हता, पण त्याचं बिऱ्हाड माझ्या हाताखाली होतं. गावात मला समुद्रवाले म्हणू लागले. खोटं कशाला, ते ऐकायला फार गोड वाटे.

काम कसं चाले ते थोडक्यात सांगतो. पाण्यात हवा सोडावी लागते, नाहीतर जनावरं गुदमरतात. हवेच्या पंपाला पैसे नव्हते. टायरवाल्याकडून दोन जुन्या ट्रकच्या ट्यूबा आणल्या. सकाळी सायकलच्या पंपानं एक फुगवायची, तिला रबरी नळी लावून चिमटा आवळायचा, की संध्याकाळपर्यंत बुडबुडे येत राहत. घरी जाताना दुसरी. पाणी किती खारं झालं ते मोजायचं यंत्र केमिस्ट्रीवाले देईनात, म्हणून सरांनी दूध तपासायची काचेची नळी आणली, लॅक्टोमीटर. निर्भेळ दूध तिच्यावर तीसच्या आसपास दाखवतं, समुद्राचं पाणी पंचवीस-सव्वीस. आमचा गवळी घालायचा ते दूध एकदा मोजलं, तर समुद्रच दाट निघाला.

आता शेवाळ. समुद्र सांभाळणाऱ्याचा खरा वैरी तोच. शेतात खत घातलं की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जोमानं येते आणि तणही येतं, तसंच हे. टाकीत उरलेलं अन्न सडलं, जनावरांची घाण साठली, की पाण्याला खत मिळतं. त्यात खिडकीतून ऊन आलं तर मग बघायलाच नको. आधी काचेवर हिरवी धूळ बसते, मग दगडांना केस फुटतात, मग सगळी टाकी कुरणासारखी होते आणि खालचं जनावर मरतं. घासून काढलं तर आठ दिवसांत पुन्हा येतं, कारण खत पाण्यातच असतं. उपाय तीनच. खायला कमी द्या, उरलेलं लगेच काढा, ऊन अडवा.

हे सगळं मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी भराभर आटायला लागलं. सर सुटीत कोकणात. त्याच दिवसांत एक म्हातारा शेतकरी पुतण्याच्या ॲडमिशनसाठी आला होता. त्यानं टाकीत बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाला, आमच्या विहिरीचंच तर पाणी आहे, जरा जादा खारं. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. माझ्या सासऱ्यांचं गाव मूर्तिजापूरच्या वरच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. गावात गोड विहीर एकच, ती मोठ्या आळीत. आमच्या वस्तीच्या वाट्याला खारी. दीक्षेनंतर घरातले देव गेले, पण पाणी तेच राहिलं. त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. मला वाटलं, चला, सासऱ्यांच्या घरानं जन्मभर जिला शिव्या दिल्या ती विहीर आज कामाला आली. चार डबे आणले आणि ओतले. पुन्हा आणले आणि पुन्हा ओतले.

सर आले तेव्हा टाकी हिरवीगार होती, आणि खेकडे शंखाबाहेर येऊन मेलेले. लॅक्टोमीटर एकतीसवर. सर ओरडले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, पाणी उडतं, मीठ उडत नाही. टाकी आटली म्हणजे नुसतं पाणी कमी झालं, मीठ तेवढंच आहे. वर गोडं पाणी घालायचं, तेही पावसाचं धरून ठेवलेलं. आणि तुमच्या विहिरीशेजारी ढोरं बसतात, त्यांचं शेण-मूत झिरपून त्या पाण्यात खत उतरलेलं, ते तू शेवाळाला पाजलंस. मग त्यांनी टाकीची वही घेतली आणि तारीख घालून तांबड्या शाईनं लिहिलं: खाऱ्या विहिरीचे पाणी टाकीत कधीही घालू नये. खाली सही केली. ते पान वर ठेवून वही टाकीशेजारच्या खिळ्याला दोरीनं टांगली. ती तिथंच लटकत राहिली. रोजचं लिहायला मी पुढं दुसरी वही घेतली.

तिसऱ्या हिवाळ्यात सरांचा एक विद्यार्थी अकोल्याच्या कॉलेजात शिकवायला लागला. त्यानं टाकी मागितली. सरांनी माझ्या चार फुलांपैकी दोन, थोडे खेकडे आणि निम्मं पाणी दिलं. ते साहेब स्वतः येऊन घेऊन गेले. आपली दोन लेकरं दत्तक दिल्यासारखं मला झालं. आणि अकोल्याला टाकीवर कोणाला नेमलं? तर सुखदेवला. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, लग्न माझ्यामागून झालेलं, आणि मॅट्रिक पास.

दोन महिन्यांत माझी टाकी पुन्हा हिरवी व्हायला लागली, आणि त्याची आरशासारखी. हे मला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या बायकोनं. ती बहिणीकडं राहून आली होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "तिकडं तळाची वाळू मोजून घ्या इतकं साफ हाये. तुमचीच कावून अशी डबक्यावानी?" मी ताट सारलं. मग सर अकोल्याला जाऊन आले आणि तेही म्हणाले, किसन, एकदा बघून ये.

गेलो. जळफळत गेलो. वाटलं होतं, काही औषध घालत असेल. तसं काही नव्हतं. टाकी उत्तरेच्या खिडकीत, मागं काळा कागद. आणि मी बसलो होतो तेवढ्यात कॉलेजच्या मंडळावरचे एक जिनिंगवाले शेटजी पाहुणे घेऊन आले. शेटजी म्हणाले, फूल मांस खातं म्हणे, दाखव. सुखदेव उभा राहिला आणि म्हणाला, आज त्याचा उपास आहे, रविवारी या. शेटजींना! ते हसले आणि रविवारी खरंच आले.

माझ्या टाकीत शेवाळ कुठून येत होतं ते मला तिथंच कळलं. मी नाही म्हणू शकत नव्हतो. शाळेची पोरं आली, टाक कलेजीचा तुकडा. दरोगासाहेबांची बायको आली, टाक. पोस्टमास्तर आला, टाक. फुलानं तो गिळला की लोक अरेवा म्हणायचे, आणि त्या अरेवाची मला चटक लागली होती. फुलाचं पोट भरलेलं असलं की ते तुकडा थोड्या वेळानं ओकून टाकी, आणि तो दगडामागं सडे. माझ्या मिरवण्याचं खत होऊन राहिलं होतं. सुखदेवला हे न शिकवता कळत होतं. परतीच्या गाडीत मी दातओठ खात बसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचीच रीत उचलली. उत्तरेची खिडकी, काळा कागद, आठवड्याला एक घास. हे त्याच्याकडून घेतलं असं मी कोणाला सांगितलं नाही.

पण तोवर सरांनी ठरवलं होतं. दोन टाक्यांना पुरेल इतकं पाणी दरवर्षी आणणं होत नाही. पावसाळ्यात कॉलेज उघडलं की दोन्ही टाक्या पाहायच्या, जी चांगली तीत सगळी जनावरं ठेवायची, दुसरी मोडायची. बुडबुड्यांवाचून ती खोली कशी दिसेल याचा मी विचार करी, आणि मला झोप येत नसे. टाकी गेली असती तर मी पुन्हा बरण्या पुसणारा किसन झालो असतो.

त्या वैशाखात आमच्या मेव्हण्याचं लग्न होतं. सासऱ्यांच्या दारात मांडव, ऊन मी म्हणत होतं. समोरच खारी विहीर, बाया तिच्यावर भांडी घासून राहिलेल्या. सुखदेव माझ्या बाजूला येऊन बसला. म्हणाला, "भाऊ, टाकीचं पाणी रोज बोटभर उतरून राहिलं. आमचे साहेब पेपर तपासाले पुण्याले गेले. तुमी तीन उन्हाळे काढले, तुमीच सांगा. वरून पाणी कोणतं टाकू?"

मी विहिरीकडं पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. एकतीसचा आकडा, मेलेले खेकडे, तांबडी शाई. मी म्हणालो, "खाऱ्यात खारं टाकावं. ते काय, समोरच तर हाये."

त्यानं लगेच मानलं. संशय म्हणून काही त्याच्या तोंडावर आला नाही. उलट वाढप्याला हाक मारून त्यानं माझ्या पानात बुंदी वाढायला लावली. मी ती खाल्ली.

पुढं महिनाभर बातम्या येत राहिल्या. मेव्हणी सांगे, हे दर आठ दिवसांनी गावाला जातात, दोन डबे पाणी भरून बैलगाडीनं मूर्तिजापूरला आणतात, तिथून गाडीनं अकोल्याला. हाताला घट्टे पडले म्हणे. एकदा मी एक कार्ड विकत घेतलं. सुखदेवास सप्रेम जयभीम, इतकं लिहिलं. पुढचं काही लिहिता येईना. कार्ड खिशात राहिलं आणि बायकोनं सदऱ्यासोबत धुतलं. मी दुसरं घेतलं नाही.

कॉलेज उघडलं. माझी टाकी लखलखीत होती. अकोल्याची सरांनी पाहिली तेव्हा ती हिरवा लगदा झाली होती. एक फूल मेलं होतं, खेकडे सगळे. तिथल्या साहेबांनी सुखदेवला प्रयोगशाळेतून काढलं आणि ऑफिसाबाहेर घंटा वाजवायला बसवलं. सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, शाबास किसन, त्या माणसाला काही समजलं नाही बघ. मी मान डोलावली. मान डोलावली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी सुखदेव आला. लोणच्याच्या बरणीत उरलेलं एक फूल, बरणीला ओला टॉवेल गुंडाळलेला. आमच्या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता. बरणी टेबलावर ठेवून त्यानं टाकी पाहिली. खिडकी पाहिली, काळा कागद पाहिला. मग त्याची नजर खिळ्याकडं गेली.

वहीचं मला भानच नव्हतं. तीन वर्षं डोळ्यांसमोर लटकत होती, म्हणून दिसेनाशी झाली होती. त्यानं ती हातात धरली. वाचली. तारखेवर बोट ठेवलं. मी स्टूल धरलं. आता शिवी देईल, आता गचांडी धरेल, असं मला वाटत होतं, आणि त्यानं तसं केलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यानं वही होती तशी खिळ्याला सोडली. बरणी माझ्याकडं सारली.

"हे एकच उरलं," तो म्हणाला. "तुमाले जमते, भाऊ. जगवा."

चहाला थांबला नाही. गाडीची वेळ झाली म्हणाला.

मी ते फूल जगवलं. पहिले पंधरा दिवस ते मिटूनच होतं, सुकलेल्या वांग्यासारखं. थेंबाथेंबानं पाणी बदललं, सुटीच्या दिवशीही बडनेऱ्याच्या घरून सायकल मारत येत होतो. श्रावणात ते उघडलं. दसऱ्याच्या सुमारास पाहतो तर मधून आवळल्यासारखं दिसतं. चार-पाच दिवसांत एकाची दोन झाली. समुद्रफुलं अशी दुभागतात, हे मी ऐकून होतो, पाहिलं तेव्हा पहिल्यांदा. सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. आणि मला रडू फुटलं. सरांनी विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं. मांडव, विहीर, बुंदी, सगळं.

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मला कशाला सांगतोस? अकोल्याला जा."

एकच टाकी ठेवायचा बेत सोडून त्यांनी एक बुधला पाणी दिलं. दुभागलेली ती दोन्ही फुलं बरणीत घेतली, बरणी मांडीवर, बुधला पायाशी, आणि अकोल्याला गेलो. आधी तिथल्या साहेबांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं की टाकी सुखदेवनं बिघडवली नाही, मी बिघडवली. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की आजही आठवलं तर अंग चोरतो. त्यांनी सुखदेवला घंटेवरून बोलावलं आणि टाकी परत त्याच्या हवाली केली. त्यानं बरणी उजेडात धरली, दोन फुलं मोजली. मला वाटलं आता हसेल. तो टेबलापाशी गेला, एक कोरा कागद आणि टाक आणून माझ्यापुढं ठेवला.

"पाणी कोणतं टाकाचं ते लिहून द्या, भाऊ," तो म्हणाला. "खाली सही करा."

माझं अक्षर चौथीचं. पावसाचं गोडं पाणी टाकावं. खाऱ्या विहिरीचं कधी टाकू नये. मी मुद्दाम खोटं सांगितलं होतं. शेवटची ओळ त्यानं मागितली नव्हती. सही केली. त्यानं वाचलं, शाईवर फुंकर मारली, आणि माझ्यासमोर कागद कांजीनं भिंतीला डकवला. मग बाही वर सारून टाकी घासायला बसला. संध्याकाळी मला घरी नेलं, जेवायला घातलं. बायकांना त्यानं काही सांगितलं नव्हतं, मला ते वाढण्यावरून कळलं.

माझी टाकी पुढं चार वर्षं चालली. लोखंडी चौकट गंजून एका सकाळी सांधा सुटला आणि समुद्र खोलीभर पसरला. सुखदेवची त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली. त्याच्या खोलीला दोनदा चुना लावला, पण त्या कागदाएवढी जागा सोडून. पाहुण्यांनी विचारलं तर तो एवढंच सांगे, आमच्या साडभावानं शिकवलं, त्यायच्या सहीचं हाये. मी तिथं असलो तर ते वाचून लोक वळून माझ्याकडं पाहत.

मी त्याच्या जागी असतो तर कागद लिहून घेतला असता आणि माणसाला दारातून परत पाठवलं असतं. त्यानं कागदही ठेवला आणि मलाही ठेवलं. असं कसं जमतं ते मला कधी कळलं नाही. सुखदेव गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्याचा हेवा मला अजून वाटतो.